अल्पाक्षरी कादंबरी आणि मित्रांचे वाचनमंडळ

'अल्पाक्षरी' हा शब्द मराठीत बहुधा कवितेसाठी किंवा सूत्रांसाठी वापरला जातो. थोड्या अक्षरांत पुष्कळ आशय सामावणारी रचना, असा त्याचा अर्थ आहे. कादंबरी हा विस्ताराचा वाङ्मयप्रकार मानला गेल्यामुळे 'अल्पाक्षरी कादंबरी' ही संज्ञा प्रथमदर्शनी विसंगत वाटते. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा अर्थ केवळ कमी पानांची कादंबरी असा नाही. जिच्यातील निवेदक, म्हणजे कथा सांगणारा आवाज, घटना आणि वस्तू दाखवतो, परंतु पात्राच्या मनात काय चालले आहे, घटनेचा अर्थ काय आणि वाचकाने तिच्याविषयी काय मत करून घ्यावे हे सांगण्याचे कटाक्षाने टाळतो, ती कादंबरी येथे अभिप्रेत आहे. अशा कादंबरीत जे लिहिलेले नाही तेही रचनेचा भाग असते. एकटा वाचक ही न लिहिलेली जागा स्वतःच्या अनुभवाने नकळत भरून पुढे जातो आणि तेथे जागा रिकामी होती हे त्याच्या ध्यानातही येत नाही. मित्रांच्या मंडळात मात्र तीच जागा दुसऱ्याने निराळ्या रीतीने भरलेली आढळते, आणि ती मुळात रिकामी होती हे त्या क्षणी उघड होते. एकत्र वाचण्याचा खरा लाभ हा आहे, आणि मंडळाची सगळी कार्यपद्धती या एका लाभाभोवती आखली पाहिजे.

ही कार्यपद्धती कोणत्याही गावी उपयोगी पडेल. तथापि येथे ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि वागळे इस्टेट हे त्याच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक होय. कारखान्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले उभी राहत असतानाच लगतच्या किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या वस्त्यांत कोकणातून, सातारा-सांगलीकडून, खानदेशातून आणि मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या नांदत आहेत. एका कार्यालयात किंवा एका इमारतीत जमलेल्या मित्रांमध्ये येथे जेवढी गावे एकत्र येतात, तेवढी वाङ्मयाच्या वर्गातही क्वचितच येत असतील. अल्पाक्षरी कादंबरीच्या वाचनाला ही विविधता फार मोलाची आहे, कारण रिकाम्या जागा भरण्यासाठी लागणारे अनुभव तितकेच भिन्न असतात.

पुस्तकांची अडचणही या परिसरात मोठी नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले आणि 'महाराष्ट्र सारस्वत' या वाङ्मयेतिहासाचे कर्ते वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांत होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने, १८६४ सालचे आहे. मंडळातील दोघे-तिघे कल्याण-डोंबिवलीहून येत असतील, तर त्यांनी तिकडच्या ग्रंथालयांतून आणि उरलेल्यांनी ठाण्यातून प्रती मिळवाव्यात.

अशा कादंबऱ्या अनेक मराठी वाचकांना प्रारंभी कोरड्या का वाटतात, याचे कारण मंडळाने आधी समजून घेणे इष्ट आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीपासून मराठी कादंबरीने वाचकाला उपदेश, वर्णन आणि भाष्य यांची सवय लावली, आणि पुढे वि. स. खांडेकरांसारख्या थोर लेखकाने भाष्याला इतके सुंदर रूप दिले, की कादंबरीतील सुभाषितवजा वाक्ये वहीत उतरवून घेणे ही अनेक घरांतील वाचनाची रीतच झाली. ती रीत वाईट नव्हती. परंतु ज्या कादंबरीत वहीत उतरवून घेण्याजोगे एकही वाक्य नसते, तिच्यापुढे असा वाचक गोंधळतो आणि 'यात काही घडतच नाही' असा निर्णय देतो. वास्तविक मराठी गद्याचा उगमच मितभाषी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या आठवणी अशा आटोपशीर वाक्यांत येतात, की प्रसंग दिसतो आणि संपतो. अल्पाक्षरी कादंबरी ही परकी फॅशन आहे, असे मंडळात कोणी म्हटल्यास त्याला या ग्रंथाची आठवण करून द्यावी.

न सांगता सुचवण्याच्या या शक्तीचे शास्त्रही भारतीय परंपरेत आहे. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धन यांनी 'ध्वन्यालोक' या ग्रंथात सूचित अर्थाला, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा मानले. शब्दाचा सरळ अर्थ देणारी शक्ती ती अभिधा; सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देणारी ती लक्षणा; आणि सरळ अर्थ पूर्णपणे जुळत असतानाही त्याच्या मागून आणखी एक अर्थ ऐकवणारी ती व्यंजना. 'इस्टेट सुटली' या वाक्यात इस्टेट म्हणजे तेथील कामगार, ही लक्षणा झाली. 'आज कंपनीचा भोंगा वाजला नाही' एवढेच वाक्य मात्र कामगाराच्या घरात सकाळी उच्चारले गेले, तर त्यात न जुळणारे काही नसते, आणि तरीही संप, टाळेबंदी, थकलेला पगार, मुलांची फी हे सर्व त्या वाक्यातून ऐकू येते. ही व्यंजना होय. अल्पाक्षरी कादंबरी प्रामुख्याने व्यंजनेवर उभी असते. पाश्चात्त्य लेखकांत अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९३२ साली हीच गोष्ट हिमनगाच्या उपमेने मांडली: हिमनगाचा एक अष्टमांश भागच पाण्यावर असतो आणि त्याच्या हालचालीतील भारदस्तपणा त्यामुळेच असतो. त्याच ठिकाणी त्यांनी दिलेला इशाराही महत्त्वाचा आहे, तो असा की जो लेखक ठाऊक नसल्यामुळे एखादी गोष्ट गाळतो त्याच्या लेखनात केवळ पोकळी राहते. न सांगितलेले सर्वच अर्थपूर्ण असते असे नाही, आणि हा भेद ओळखायला शिकणे हेही मंडळाचे काम आहे.

पहिल्या वाचनासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) निवडावी, अशी निःसंकोच शिफारस येथे करावीशी वाटते. ती दीडशे पानांच्या आत आटोपते, तिची भाषा कोणालाही कळते, आणि तिच्यात गाळलेल्या जागा शोधण्याचे शिक्षण पानोपानी मिळते. औंध संस्थानातील माणदेशी मुलखात, धनगरांच्या एका वाडीवर राजाराम नावाचा तरुण मास्तर शाळा चालवण्यासाठी जातो. कारभारी, आयबू, दादू बालट्या, अंजी ही माणसे त्याला भेटतात. वाडीवर तालीम बांधली जाते. पुढे दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि शाळेला मुलेच उरत नाहीत. कथानक एवढेच आहे. दुसऱ्या फेरीसाठी दि. बा. मोकाशी यांची 'आनंदओवरी' (१९७४) योग्य ठरेल. तुकाराम नाहीसे झाल्यानंतर त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा त्यांचा शोध घेतो आणि त्या शोधातून आठवणी सांगतो, अशी तिची मांडणी असून तेथे मध्यवर्ती घटनाच शब्दांपलीकडे राहिलेली आहे. भाषांतर वाचायचे असल्यास हेमिंग्वे यांच्या १९५२ सालच्या लघुकादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला 'एका कोळियाने' हा अनुवाद घ्यावा आणि मंडळातील एकाने मूळ इंग्रजी प्रत जवळ ठेवावी. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेल्या म्हाताऱ्याविषयीची काही वाक्ये दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचली, म्हणजे मराठी वाक्य कोठे थांबते आणि इंग्रजी कोठे, हे कानांनाच कळते. समकालीन लेखकांत श्याम मनोहर यांची छोटी, सपाट भासणारी वाक्ये स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहेत. 'उत्सुकतेने मी झोपलो' या त्यांच्या कादंबरीला २००८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तथापि त्या पुस्तकाने आरंभ करू नये.

मंडळ पाच ते आठ जणांचे असावे. चार जणांत एक गैरहजर राहिला की चर्चा थंडावते, आणि दहा जणांत दोघे-तिघे केवळ श्रोते बनतात. कामाच्या पाळ्या, लोकलचा प्रवास आणि घरची कामे लक्षात घेता तीन आठवड्यांतून एक बैठक आणि एका कादंबरीसाठी दोन बैठका, हे प्रमाण निभावते. पुस्तक प्रत्येकाने घरी दोनदा वाचून यावे, ही अट कठोर वाटली तरी ती सोडू नये. अल्पाक्षरी कादंबरी भराभर वाचून होते, आणि धोका नेमका तेथेच आहे. ठाणे ते दादर या प्रवासात तिची पंचवीस पाने सहज उलटतात आणि वाचकाला कथानक कळल्याचे समाधानही मिळते. पहिले वाचन गाडीत उभ्याने झाले तरी चालेल. दुसरे वाचन घरी, बसून, शक्य तर ओठ हलवत करावे.

दुसऱ्या वाचनात प्रत्येकाने फक्त तीन ठिकाणे टिपावीत, आणि ती आवडलेली ठिकाणे नसावीत. जेथे निवेदक आणखी काही सांगेल असे वाटले होते परंतु तो थांबला, ती ठिकाणे टिपावीत. निरनिराळ्या आवृत्त्यांत पानांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द लिहून ठेवणे सोयीचे पडते. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप गट असल्यास बैठकीपूर्वी त्यावर केवळ ही ठिकाणे पाठवावीत आणि मते पाठवू नयेत. एकदा कोणी रात्री अकरा वाजता लांबलचक अर्थ लिहून पाठवला, की उरलेले सर्वजण त्याच्याशी सहमत किंवा असहमत होण्यासाठी वाचू लागतात आणि त्यांचे स्वतःचे वाचन तेथेच संपते. याच कारणास्तव अमोल पालेकर यांचा 'बनगरवाडी' हा १९९५ सालचा चित्रपट आधी पाहू नये. चित्रपटाला चेहरा द्यावाच लागतो, उजेड द्यावा लागतो, संगीत द्यावे लागते. पुस्तकाने जाणीवपूर्वक मोकळ्या ठेवलेल्या जागा दिग्दर्शकाने आपल्या परीने भरलेल्या असतात. दोन्ही बैठका संपल्यावर तो अवश्य पाहावा, कारण तेव्हा तो आणखी एका जाणत्या सभासदाचे वाचन म्हणून पाहता येतो.

बैठकीचा आरंभ चर्चेने नव्हे, मोठ्याने वाचण्याने करावा. समूहाने वाचणे महाराष्ट्राला नवे नाही; ज्ञानेश्वरीच्या पारायणात आणि चातुर्मासातील पोथीत एकाने वाचायचे, इतरांनी ऐकायचे आणि जाणत्याने अर्थ सांगायचा, ही पद्धत गावोगावी रुजलेली आहे. तिच्यातील मोठ्याने वाचणे मंडळाने जसेच्या तसे घ्यावे. अर्थ सांगणारा अधिकारी पुरुष मात्र येथे नसावा. सभासदांपैकी एकाने आळीपाळीने सूत्रधार व्हावे, आणि सूत्रधाराचे काम वेळ पाळणे व चर्चेला पुन्हा पुस्तकाच्या ओळीवर आणणे एवढेच असावे. वाचणाऱ्याने अभिनय करू नये. आवाजातील चढउतार हेही एक प्रकारचे भाष्यच असते, आणि लेखकाने जे भाष्य गाळले ते वाचणाऱ्याच्या गळ्यातून परत येऊ नये. एकच उतारा दोघांनी एकामागून एक वाचावा. दोघांच्या विरामांत जेथे फरक पडतो तेथे हमखास एखादी गाळलेली जागा सापडते. वाचन संपल्यावर दोन मिनिटे कोणीही बोलू नये. ही दोन मिनिटे पहिल्या बैठकीत अवघड जातील, दुसऱ्या बैठकीपासून जाणार नाहीत.

एक प्रसंग जवळून पाहिला, म्हणजे पुढची पद्धत स्पष्ट होईल. 'बनगरवाडी'त शेकू नावाच्या गरीब माणसाकडे शेतासाठी बैलांची पुरी जोडी नसते, आणि अखेर त्याची बायको बैलाच्या जोडीला जुवाला खांदा देते. एखाद्या भाष्यप्रिय कादंबरीत या ठिकाणी दारिद्र्यावर, स्त्रीच्या सोशिकपणावर किंवा समाजाच्या निर्दयतेवर एक परिच्छेद आला असता. मंडळाने हा प्रसंग उघडून प्रथम केवळ मोजदाद करावी: कोणकोणत्या वस्तूंची नावे येथे घेतली आहेत, कोण कोणाशी बोलते, ती बाई स्वतः काही बोलते का, मास्तर तेथे काय करतो आणि पाहिल्यानंतर काय वाटले हे तो किती शब्दांत सांगतो. या फेरीत कोणीही अर्थ सांगायचा नाही. बोट ठेवून दाखवता येईल तेवढेच बोलायचे. त्यानंतरच्या फेरीत प्रत्येकाने आपण ती जागा कशी भरली ते सांगावे. ज्याच्या घरी शेती आहे त्याला त्या कामाची निकड प्रथम दिसेल, कारण ओल निघून गेली की पेरणी साधत नाही. घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या सभासद स्त्रीला कदाचित त्यात नवल वाटणार नाही, आणि तिचे नवल न वाटणे इतरांना बरेच काही शिकवून जाईल. कोणाला शेकूची लाज दिसेल, तर कोणाला नवरा-बायकोमधील न बोललेला समजूतदारपणा. हे सर्व अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात का, हा प्रश्न तिसऱ्या फेरीचा असून तेथे पुन्हा पुस्तकाकडे वळावे लागते. जो अर्थ कादंबरीतील एखाद्या लिहिलेल्या ओळीशी भांडतो तो सोडून द्यावा. ज्याच्या बाजूने दुसऱ्या एखाद्या प्रकरणातील ओळ उभी राहते तो धरून ठेवावा. आणि ज्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच सापडत नाही तो त्या सभासदाचा स्वतःचा म्हणून आदराने नोंदवून ठेवावा. रिकामी जागा आधी दाखवावी, मग भरावी, आणि भरल्यावर ती पुस्तकाशी ताडून पाहावी, हा क्रम उलटा झाला की चर्चा पुस्तकाला सोडून सभासदांच्या मतांची होते.

शब्दांची अडचण येईल, आणि ती टाळू नये. वाघर म्हणजे रात्री मेंढरे कोंडण्यासाठी लावतात ते जाळे, हे किंवा असे शब्द शहरात वाढलेल्या सभासदाला ठाऊक नसतात. आटपाडी, जत किंवा माण तालुक्याशी नाते असलेला मित्र मंडळात असेल तर त्याच्याकडे या शब्दांची जबाबदारी द्यावी, आणि नसेल तर एखाद्या सभासदाने गावी असलेल्या आईवडिलांना दूरध्वनी करून विचारावे. मितभाषी लेखकाने वापरलेले मोजके शब्द नेमके असतात, म्हणून त्यांतील एकही अंदाजाने घेऊन चालत नाही. अस्सल मितभाषा आणि केवळ अपुरे लेखन यांतील भेद ओळखण्याची खूणही येथेच आहे: पहिल्या प्रकारात जे थोडे सांगितले आहे ते अचूक असते, दुसऱ्यात सांगितलेलेही धूसर असते. एखादी कादंबरी मंडळाला अपुरी वाटली, तर तसे स्पष्ट म्हणावे. मोठ्या लेखकाचे नाव आहे म्हणून पोकळीला गूढ म्हणणे हा वाचनाचा अपमान आहे.

चर्चा बिघडवणाऱ्या सवयी थोड्याच असतात, परंतु त्या चिवट असतात. प्रत्येक वस्तूला प्रतीक ठरवणे, म्हणजे तालीम ही अमक्याची खूण आणि मेंढी ही तमक्याची, अशी यादी करणे, ही त्यांपैकी सर्वांत मोहक सवय आहे. तालीम ही आधी तालीम असते. ती बांधायला माणसे, दगड आणि मेहनत लागते, आणि औंधचे राजेसाहेब तिच्यासाठी वाडीवर येतात हे वाडीच्या दृष्टीने प्रत्यक्ष घडलेले असते. दुसरी सवय लेखकाच्या चरित्रातून उत्तर काढण्याची. माडगूळकर स्वतः त्याच मुलखातले होते ही माहिती खरी आणि उपयुक्त आहे. परंतु निवेदक मास्तर आणि लेखक यांना एकच मानले, की मास्तर जे बोलत नाही ते लेखकाच्या मुलाखतींत शोधले जाते आणि कादंबरी बंद पडते. 'कंटाळा आला' असे सांगणाऱ्या सभासदाला मात्र कोणी गप्प करू नये. नेमका कोणत्या पानावर कंटाळा आला एवढेच त्याला विचारावे. बहुतेक वेळा त्याने दाखवलेले पान हे निवेदकाने मौन धरलेले पान असते, आणि तो सभासद इतरांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे वाचत होता असे आढळते.

दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस प्रत्येकाने एक लहानसा लेखी प्रयोग करावा. निवडलेल्या गाळलेल्या जागी निवेदकाने म्हटली असती अशी तीन-चार वाक्ये लिहावीत, ती मूळ उताऱ्यात घालून मोठ्याने वाचावीत, आणि लगेच मूळ उतारा त्या वाक्यांशिवाय पुन्हा वाचावा. आपली वाक्ये कितीही चांगली असली तरी बहुधा तो उतारा त्यांच्या वजनाने खाली बसतो, आणि लेखकाने किती गोष्टी सांगता येत असूनही सांगितल्या नाहीत हे दहा व्याख्यानांनी पटले नसते तितके पटते. मराठी न येणारा एखादा मित्र मंडळात असेल, तर राम देशमुख यांनी केलेला 'बनगरवाडी'चा इंग्रजी अनुवाद १९५८ सालीच प्रसिद्ध झाला आहे. त्याला दिलेले शीर्षक 'गावाला भिंती नव्हत्या' अशा अर्थाचे आहे, आणि मूळ पुस्तकाचे नाव केवळ वाडीचे नाव असताना अनुवादकाला एवढे अधिक का सांगावेसे वाटले असेल, हा अर्धा तास पुरेल असा प्रश्न आहे.

वागळे इस्टेटमध्ये अशा बैठकीला सभागृह लागत नाही; सोसायटीच्या कार्यालयातील सतरंजी किंवा कोणाच्या घरची बाहेरची खोली पुरते, आणि रविवारी सकाळी दहाची वेळ बहुतेकांना जमते. पुस्तक ग्रंथालयातून आणलेले असेल, तर एवढे अगत्याने करावे: टिपणे स्वतःच्या वहीत लिहावीत, ग्रंथालयाच्या प्रतीत पेन्सिलीनेही अर्थ लिहू नये, आणि पुढच्या वाचकाला समास कोरे मिळतील अशा स्थितीत ती प्रत मुदतीत परत करावी.